रुळेपर्यंत

"पहिले हजार किलोमीटर पाय हलका ठेवायचा," नवी लाल स्पोर्ट्स कार फडक्याने पुसत माझा नवरा निरंजन अंगणातल्या पाहुण्यांना सांगत होता. "थंड इंजिनावर तर जोर द्यायचाच नाही. आतले भाग कोरे असतात, ते हळूहळू रुळतात. आत्ताच दामटली, तर जन्मभर कुरकुर करते."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ऐकत होते. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. सकाळपासून पुरणपोळ्या लाटून माझं मनगट सुजलं होतं. जरा टेकू का म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नव्या सुनेला आत्ताच वळण लावलेलं बरं. नंतर डोक्यावर बसते."

तेवढ्यात निरंजन आत डोकावला. गाडीची चावी ओट्यावर टाकून त्याने हात धुतले. "अजून चौघं येतायत जेवायला, तेवढ्या पोळ्या जास्त लाट. आणि तोंड हसरं ठेव गं. आता रुळायला हवं तुला या घरात."

रुळायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी गॅस बंद केला. पिठाच्या हातानेच चावी उचलली, सगळ्यांसमोरून गाडीत जाऊन बसले, इंजिन चालू केलं आणि गिअर न टाकताच अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबला. गाडी जागच्या जागी अशी किंचाळली, की पाहुणे कुंपणापर्यंत मागे सरकले.

निरंजन धावत आला. "वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. "नवीन आहे ती."

मी इंजिन बंद केलं, उतरले आणि पिठाने माखलेली चावी त्याच्या हातावर ठेवली.

"मीपण नवीनच आहे."