लाल झाकण, निळं झाकण

लाल झाकणाची बाटली डाव्या हातात, निळ्या झाकणाची उजव्या हातात, आणि चंद्रकला सिस्टरची नजर दाराकडे.

वॉर्डात फक्त पोरं होती. त्यांच्या आया मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायला गेल्या होत्या. चंद्रकलाने बाटल्यांची अदलाबदल केली, झाकणं मात्र ज्या पोराची त्याच पोराकडे राहतील अशी फिरवून बसवली. झालं. बघणाऱ्याच्या बापाला कळलं नसतं.

लाल झाकण गोकुळचं. तिच्या सख्ख्या भावाचा, लक्ष्याचा एकुलता एक पोरगा. निळं झाकण समोरच्या खाटेवरच्या रामीचं. भागीची पोर, खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची.

जव्हारच्या त्या धर्मादाय दवाखान्यात तेव्हा मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचा प्रयोग चालू होता. हगवण लागलेल्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी सगळ्यांनाच, वर सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा गोड औषध. अर्ध्यांच्या बाटलीत खरं औषध, अर्ध्यांच्या बाटलीत नुसता पाक. कुठल्या झाकणाखाली काय, हे इथल्या हरेश डॉक्टरलासुद्धा ठाऊक नव्हतं. त्याने सगळ्या आयांना खाली बसवून हे नीट समजावलं होतं. आयांनी माना डोलावल्या होत्या, अंगठे दिले होते. बाटल्या वाटायच्या सिस्टरने, चमचा पाजायचा आईने.

पण डोळे उघडे ठेवून वॉर्डात फिरणाऱ्या बाईपासून काय लपून राहतं? निळ्या झाकणाची पोरं उठून बसत होती. लाल झाकणाची लोळागोळा होऊन पडली होती. निदान चंद्रकलाला तरी तसंच दिसत होतं. आणि गोकुळ लालमधला.

दुसऱ्या दिवशी गोकुळने नागलीची भाकर मागितली. रामीने डोळे फिरवले.

 बाटल्या परत बदलाव्यात म्हणून चंद्रकला गोकुळच्या खाटेपाशी गेली, तर तो तिच्याकडे बघून हसला. तिचा हात पुढे जाईना. समोर रामीच्या ओठांवर माशा बसत होत्या आणि भागी पदराने त्या वारत होती.

शिवाय बायकांचं काहीतरी बिनसलं होतं. चंद्रकला वॉर्डात शिरली की कुजबुज एकदम थांबायची. एक बाई विनाकारण चादर झटकायची, दुसरी खिडकीबाहेर बघायची. गोकुळची आई, उज्ज्वला वहिनी, घरी असली की चंद्रकलाशी बोलून बोलून तिचं डोकं उठवायची. आता तीही नजर चुकवायला लागली. चंद्रकलाला वाटलं, संपलं. कोणीतरी बघितलंय. आता पाड्यावरून माणसं येतील, हरेश डॉक्टर पोलिसांना बोलावेल, नोकरी जाईल. आणि त्याआधी ही पोर जाईल.

दुपारी रामीचे हातपाय गार पडले. हरेश डॉक्टर धावत आला. शीर सापडेना. एकदा सुई टोचली, परत टोचली, आणि रामी रडलीसुद्धा नाही. चंद्रकलाने तिचा इवलासा हात धरून ठेवला होता. आठवलेल्या प्रत्येक देवाचं नाव तिने मनात घेतलं, आठवलं नाही त्याचंही. अखेर शीर लागली. सलाईन थेंब थेंब उतरायला लागलं.

उन्हं कलताना रामीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

चंद्रकला भिंतीला टेकून रडली. मग तोंड धुतलं आणि हरेश डॉक्टरच्या खोलीकडे निघाली. आता जे व्हायचं ते होऊ दे, पण सांगून टाकायचं. त्या पोरीच्या जिवाशी परत खेळ नको.

दारातच भागी आडवी आली. तिच्या मागे चार-पाच बाया. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. भागीने खाली वाकून चंद्रकलाचे पाय धरले.

"डॉक्टरला नको सांगू, बाय. तो आमाला हाकलून देल."

"तुला? तुला कशाला हाकलेल?" चंद्रकलाने पाय मागे घेतले. "म्हणजे तुला माहीत होतं बाटल्यांचं?"

"आमी सगळ्या जणींना माहीत हाय. आमीच केलाय ना ता." भागी मान वर करेना. "तू पोरांकडं अशी बघत बसायचीस, तवाच आमी समजलो, हिला कळला."

"काय केलंत?"

"याच्या पोराला खरा औषध, त्याच्या पोराला नुसता पाक, असा कुठं असतं का? आमच्या पाड्यात मासं धरलं तरी सगळ्यांना सारखा वाटा. बाटल्या आल्या त्या दिसापासून आमी रोज सकाळी सगळ्या एका टोपात ओततो, ढवळतो न् परत भरतो. टोप तुझ्या वहिनीचाच हाय."