कटकट

बॅटरीवरची गाडी इतकी मुकाट चालते, की बारीकसा आवाजही डोकं खातो. स्पीडब्रेकर आला, की शेजारच्या रिकाम्या सीटखालून कटकट व्हायची. काकांनी गाडी पुन्हा वर्कशॉपला नेली. मेकॅनिकने सस्पेन्शन उघडून परत बसवलं आणि एकट्याने चक्कर मारली, तर आवाज आला. मग काकांना शेजारी बसवून नेलं, तर आवाज गायब!

"काका, दोष काही सापडत नाही बुवा. शेजारी कोणी बसलं की कटकट बंद, सीट रिकामी असली की सुरू."

"आमचं नेमकं उलटं होतं," काका हसले. "ही शेजारी बसली रे बसली, की कटकट सुरू. हळू घ्या, खड्डा बघा, कंबर मोडाल माझी."

"मग काकूंनाच घेऊन या एकदा," मेकॅनिकही हसला. "दोन्ही कटकटी समोरासमोर बसवू."

काकांनी आता रिकामीच असणाऱ्या त्या सीटकडे एकदा पाहिलं आणि किल्ली घेतली.

परतताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर रिकामी सीट वाजली.



"हो गं," काका म्हणाले, "घेतो हळू."