दाराशी आलेला थांबा

"बाबा, एक सांगायचंय. माणसांत नको, उतरल्यावर चालता चालता सांगते," मृण्मयी शटल बसमध्ये हलकेच म्हणाली.

भास्करराव गालात हसले. लांबच्या थांब्यापासून विमानतळापर्यंत बॅगा ओढताना गुडघे कामातून गेले होते, म्हणून वर्षभर हेलपाटे घालून त्यांनी थांबा विमानतळाच्या दाराशी आणवला होता. लेकीला ते ठाऊक नव्हतं.

बस थेट दाराशी थांबली. रॅम्पवरून बॅगा अलगद उतरल्या.

"काका, परत यायचंय ना? बसा लवकर, इथे थांबता येत नाही!" ड्रायव्हर ओरडला.

"काय सांगणार होतीस गं?"

"काही नाही, बाबा. गुडघे जपा." ती आत गेली.

परतताना बसमधून जुना थांबा दिसला. तिथून दारापर्यंतच्या वाटेवरच मागच्या खेपेला लेकीनं स्वतःच्या घटस्फोटाचं सांगितलं होतं.

गुडघे आज जराही दुखत नव्हते.