थरथरती रेघ

पडद्यावरची रेघ पुन्हा थरथरली. तिने कपाळाला हात लावला.

"आलं का आपलं भूत?" तंत्रज्ञकाकांनी दारातूनच विचारलं. "चहाची वेळ बरी साधतं!"

तिला हसू आलं नाही. येत्या शनिवारी प्रयोगशाळेतला हा जुना चुंबक कायमचा बंद होणार होता. त्याच्या पोटात काचेची बारीक नळी होती, नळीत थोडासा द्रव. त्या द्रवातल्या अणुकेंद्रकांना रेडिओलहरींच्या हलक्या टिचक्या मारून ती त्यांच्याकडून पदार्थाची एक विलक्षण अवस्था वठवून घेत होती. या अवस्थेत एकेका कणाला विचारावं तर तो काहीच सांगत नाही. सगळे मिळूनच काय ते बोलतात. ते बोलणं ऐकायचं तर तासभर चुंबकाचं क्षेत्र अगदी स्थिर हवं. आणि रोज दुपारी, ऐन रंगात आलं की कुठून तरी त्याला धक्का बसे आणि पडद्यावरची रेघ थरथरे. इतक्या वर्षांची मेहनत त्या धक्क्याने वाया चालली होती.

लिफ्ट बंद ठेवून झाली. गाड्या हलवून झाल्या. घरी तर तिने निक्षून सांगितलं होतं, "महिनाभर इकडे कुणी फिरकू नका. दुपारी फोनही नको. जरा काही हललं की माझं मुसळ केरात." आईबाबांनी निमूट माना डोलावल्या होत्या.

आज मात्र तिला राहवेना. ती तशीच उठली आणि धक्का येतो कुठून ते पाहायला इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात गेली.

प्रयोगशाळेच्या भिंतीला खेटून एक लोखंडी व्हीलचेअर उभी होती. बाबांनी हाताचा पंजा भिंतीवर टेकवला होता. मागे आई, चपला हातात घेऊन.

तिला पाहताच दोघांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले.

"शेजारच्या दवाखान्यात यांच्या पायांच्या व्यायामासाठी येतो ना आम्ही रोज," आई कुजबुजली. "परत जाताना म्हणतात, आत ठकू आहे, घटकाभर बसू. फोन बंद केलाय हं मी. हे तर खोकतसुद्धा नाहीत."

तिने खुर्चीकडे पाहिलं. एवढं लोखंड! रोज गुपचूप यायचं, आणि मधेच निघून जायचं.

"आमच्यामुळे काही बिघडलं का गं, ठकू?" बाबांचा आवाज पडला. ते आईकडे वळले. "अगं, काढ खुर्ची. उद्यापासून नाही यायचं आपण."

आईने खुर्चीला हात घातला.

"थांब आई!" तिने खाली वाकून खुर्चीचा ब्रेक लावला. "बाबा, आता माझं होईपर्यंत इथून हलायचं नाही."

"आणि खोकला आला तर?"

"खुशाल खोका."

आतलं लाकडी स्टूल तिने आईला आणून दिलं. मग ती पडद्यासमोर बसली. भिंतीपलीकडची खुर्ची जमेस धरून तिने चुंबक नव्याने जुळवला आणि प्रयोग सुरू केला. या वेळी रेघ सुतासारखी सरळ राहिली. तास संपत आला, तेव्हा पडद्यावर ती अवस्था उमटली. सगळे कण मिळून बोलले होते.

काका चष्मा पुसत पुढे आले. "गेलं म्हणायचं एकदाचं भूत!"

"नाही काका, बसलंय," ती म्हणाली. "रोज मधेच उठून जायचं, म्हणून तर बिघडत होतं."