खडूची पावलं

नाट्यवर्गाच्या पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाच्या अनवाणी पावलांभोवती खडूने रेघ ओढली. "ही तुमची जागा. जो ती सोडेल, त्याने वर्गही सोडावा."

मंगळवारी एका मुलीची खडूची पावलं वीतभर मागे सरकलेली दिसली. बुधवारी हातभर.

"बाईसाहेबांना रंगमंच अपुरा पडतोय वाटतं!" पोरं खिदळली.

"मी नाही हलवली सर, आईशप्पथ!"

"मग काय, आपली आपण चालत गेली?"

शुक्रवारी पावलं मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होती, भिंतीकडे तोंड करून.

"उभी राहा तिथेच," सर म्हणाले, "नाहीतर दप्तर उचल."

ती रेघेत उभी राहिली. पायाखालची फळी गारठलेली होती. मग खालून कुणीतरी तिच्या तळव्यांना अलगद आपले तळवे लावले.