पहिला अंदाज

“एकच पद घेतलंस?” निकम सरांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“एकातच भागलं, सर,” दीपक हसून म्हणाला. “पूल पास झाला. शेवटच्या पानावर तुमची सही झाली की निघतो.”

निकम सर पानं पुढेमागे करत राहिले. आधी त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. कॉलेज सोडून वर्षं लोटली, आता सगळं कॉम्प्युटर करतो; उगाच पोराला कशाला अडवायचं? आणि तोही दीपक. सटाण्याहून शिकायला आलेला, सरांच्याच घरात राहून, सरांच्याच टेबलावर अभ्यास करून इंजिनिअर झालेला. सिंहस्थासाठी गोदावरीवर पायी जाणाऱ्यांचा एक नवा पूल होत होता. त्याचं गणित दीपकनं केलं होतं आणि तपासणीसाठी सरांकडे आणलं होतं.

मांडणी सरांच्याच आवडत्या पद्धतीची होती. पूल कसा वाकेल, तो आकार आधी एकेक पद जोडत अंदाजानं धरायचा, आणि त्या आकारावरून पुलाच्या डोलण्याचा ठेका काढायचा. गर्दीच्या पावलांचा ठेका आणि पुलाचा ठेका जुळला, तर पूल माणसांसकट डोलायला लागतो. म्हणून पुलाचा ठेका पावलांपेक्षा चांगला जलद हवा. दीपकच्या उत्तरात तो जलद होता. मर्यादेच्या अगदी केसभर वर.

पण या पद्धतीत अंदाज चुकला तर एकाच बाजूला चुकतो. ती पुलाचा ठेका असतो त्याहून जलदच दाखवते, हळू कधीच नाही. अंदाजात दुसरं पद मिसळलं की उत्तर खाली येतं. तिसरं मिसळलं की आणखी खाली, खऱ्याच्या आणखी जवळ. एरवी तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या निकम सरांचा आवाज वर्गात एवढं सांगताना मात्र चढायचा.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कडेला दुसरं पद मांडायला सुरुवात केली.

“सर, चहा गार होतोय,” दीपक म्हणाला. थोडं थांबून त्यानं जोडलं, “आपलंच काम शे ना, सर.” नाशकात अहिराणी तो फक्त सरांशी बोलायचा.

उत्तर मर्यादेच्या खाली आलं. सरांना वाटलं, गुणाकार चुकला असेल. त्यांनी सगळं पुन्हा केलं. तेच उत्तर आलं.

“कॉम्प्युटरवर लावून बघितलं होतंस?”

“बघितलं होतं.”

“काय आलं?”

दीपक बशीतला कप फिरवत राहिला. “तुमचं आलंय साधारण तेवढंच. थोडं खालीच.”

“मग हे हातानं कशाला केलंस? आता कोण करतं असं?”

सरांना काहीही उत्तर चाललं असतं. विसरलो म्हणाला असता, घाई झाली म्हणाला असता, तरी त्यांनी हसून पाठीवर थाप मारली असती. त्यांनीच एक सबब त्याच्या पुढ्यात ठेवून पाहिली.

“दुसरं पद राहून गेलं का रे?”

“नाही, सर.” दीपकची मान खाली होती. “लोखंड चढलंय. आता बदलायचं म्हणजे सगळं उतरवायचं. पर्वणीला पूल तयार हवा. आणि चूक कुठल्या बाजूला जाते, ते तुम्हीच तर शिकवलंत.”

जे सरांनी जन्मभर सावध राहण्यासाठी सांगितलं, ते या पोरानं पहिल्या बाकावर बसून मन लावून ऐकलं होतं. लपायला बरी जागा आहे म्हणून ध्यानात ठेवलं होतं.

“उज्वलाला माहीत आहे हे?” उज्वला दीपकच्याच वर्गातली. पुलाची मंजुरी आता तिच्या हातात होती.

“विचारा की.” दीपकनं फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

“सर! तब्येत काय म्हणते? झाली का सही?”

“अगं उज्वला, यात एकच पद घेतलंय.”

पलीकडे कुणीतरी “मॅडम” म्हणून हाक मारली. तिनं त्याला थांबायला सांगितलं. मग तिचा आवाज खाली आला.

“माहीत आहे, सर. म्हणून तर सही तुमची हवी होती. तुमच्या सहीवर कुणी प्रश्न विचारत नाही.”

फोन बंद झाला. निकम सरांनी पेन्सिल बाजूला ठेवली.

“पेन दे.”

दीपकनं लगबगीनं खिशातलं पेन काढून, टोपण उघडून पुढे केलं. शेवटच्या पानावर सहीसाठी भरपूर जागा सोडलेली होती. सरांनी तिथे दुसरं पद मांडलं. सावकाश, फळ्यावर मांडावं तसं, एकही पायरी न गाळता. उत्तराखाली रेघ मारली. रेघेखाली लिहिलं, ‘हा पूल गर्दीसाठी उघडू नये.’ आणि सही केली.

दीपकनं पान वाचलं. “सर, हे पान मी फाडलं तर?”

“फाड. मी पुन्हा लिहीन. तू नाही नेलंस तर पोस्टानं पाठवीन, उज्वलाच्या वरच्यांना.” सरांचा आवाज चढला नव्हता.

आतून सरांच्या पत्नी सिंधुताईंनी हाक दिली, “दीपक, जेवल्याशिवाय हलायचं नाही हं! तवा ठेवलाय, गरम भाकरी टाकते.”

निकम सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“दोघांपुरत्याच टाक.”