शटरचा आवाज

"जुना बघताय की नवा, काका?" दुकानातल्या मुलीने दोन्ही कॅमेरे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही मिररलेस, म्हणजे बिनआरशाचे, दोन्ही शिकाऊ लोकांसाठीच. पण फरक जमीन-अस्मानाचा."

शिकाऊ! सगळी हयात लोकांचे चेहरे टिपण्यात गेली, आणि ही पोरगी फोटोग्राफरला शिकाऊ ठरवून मोकळी झाली. पण वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. ते हल्ली त्याच्यात उरलं नव्हतं.

उद्या शाळेत वर्गांचे फोटो होते आणि त्याच्या कॅमेऱ्याने कालच मान टाकली होती. अगदी तसाच एक वापरलेला इथे मिळत होता, आणि शेजारी त्याच कंपनीचा नवा. "मी घेऊन येते, तुम्ही कशाला दगदग करता?" असं बायको सकाळपासून म्हणत होती. पण कॅमेरा आपला आपणच निवडायचा, यावर तो अडून बसला. दुकानात शिरल्या शिरल्या तिने आधी मालकांची चौकशी केली. ते जेवायला गेलेत म्हटल्यावर म्हणाली, "मग चटकन दाखव बाई, आम्हाला घाई आहे."

मुलीचं पाठांतर चोख होतं. जुन्याला डोळा लावून बघायची खिडकी आहे, नव्याला नाही, त्याच्या पडद्यावरच बघायचं. जुना अंधारात चाचपडतो, नवा नाही. "आणि मुख्य म्हणजे काका, नवा माणसाचा डोळा स्वतःच शोधतो. हिरवी चौकट येते. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

डोळा स्वतः शोधतो म्हणे.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं त्याने घरी सांगितलं नव्हतं. "नंबर बदललाय" एवढं बोलून विषय संपवला होता. सरळ बघितलं की नेमकं मधलंच नाहीसं व्हायचं. कान दिसायचे, खांदे दिसायचे, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. बायकोला कळलं असतं तर त्याच दिवशी तिने स्टुडिओला कुलूप लावलं असतं. शाळेला कळलं असतं तर त्यांनी दुसरा फोटोग्राफर बघितला असता. आणि फोटो काढणं सोडलं तर त्याला दुसरं येत काय होतं?

नवल म्हणजे फोटो अजून चांगले येत होते. एकाचीही तक्रार नव्हती, उलट कौतुकच व्हायचं. हाताला सवय असते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. कॉम्प्युटरवर फोटो निवडणं, छापून आणणं हे सगळं बायको बघायची. कामावरही ती त्याच्या खांद्यामागे उभी असायची, गळ्यात भलीमोठी पिशवी अडकवून, मुलांना हसवत. तिच्या इतक्या जवळ उभं राहून रोज हे सोंग वठवायचं म्हणजे जीव अर्धा व्हायचा.

"बघा ना काढून," मुलगी म्हणाली. "काकूंचाच काढा."

त्याने जुना उचलला. खिडकीला डोळा लावला, साडीच्या रंगावरून अंदाज बांधला, बटण दाबलं. खटक्. ओळखीचा आवाज ऐकून बरं वाटलं.

"अं, यात काकू जरा..." मुलगी फोटो बघत म्हणाली.

"छान आलाय की!" बायको घाईघाईने म्हणाली.

मग नवा. त्याने बटण दाबलं आणि आवाजाची वाट बघत राहिला. आवाज आलाच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"अहो काका, बास बास, कितीतरी निघाले!" मुलगी हसली. मग पडद्यावर वाकली. "अगं बाई, काकू कुठल्या कुठे, याने मागच्या पोस्टरवरच्या हिरॉइनचा डोळा धरलाय. चौकट दिसली नाही का तुम्हाला?"

आता सांगूनच टाकावं, असं क्षणभर फार वाटलं. सांगावं, आणि तिथल्या स्टुलावर बसून घ्यावं.

"मीच हलले गं," बायको म्हणाली. "यांचं काही चुकलं नाही." तिने नवा कॅमेरा त्याच्या हातातून घेतला आणि, न बघताच, बोटाने बंद केला. "आम्हाला नको हा. आवाजच करत नाही. फोटो निघाला हे कळायचं कसं माणसाला?"

"काकू, आवाज न होणं हा तर गुण आहे त्याचा!"

"असू दे. यांना जुनाच दे. खटक् ऐकू यायलाच हवं."

त्याला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. काही कळत नसताना बिचारीने नेमकी त्याचीच बाजू घेतली होती. या भोळ्या बाईपासून आपण सगळं चोरून ठेवतो, याची त्याला फार लाज वाटली. आजच घरी गेल्यावर सांगायचं, त्याने ठरवलं. उद्याचं काम झालं की. नाहीतर पुढच्या आठवड्यात.

"चला, चला," बायको त्याचा दंड धरून वळली, तेवढ्यात दार उघडलं आणि मालक रुमालाने हात पुसत आत आले.

"अरे वा, आज जोडीने!" ते म्हणाले. मग त्यांची नजर काउंटरवरच्या नव्या कॅमेऱ्यावर गेली. "वहिनी, हा परत कशाला बघताय? तुम्ही नेलेला बिघडला की काय? शाळेचे गेल्या दोन वर्षांचे फोटो त्याच्यातूनच तर छापून दिले मी तुम्हाला!"